समुद्रावर एक दिवस, आणि आपलं उजनीचं पाणी

भाकऱ्या थापत असाल तर थापता थापता ऐका, शेंगा फोडत असाल तर फोडता फोडता ऐका. आज आम्ही नऊजणी तुमच्याशी बोलणार आहोत. आवाज एकीचाच येईल, पण काय बोलायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय, म्हणून आम्ही 'आम्ही' म्हणतोय.

आम्ही करमाळ्याच्या. कोणी शहरातल्या, कोणी आजूबाजूच्या गावांतल्या. बचत गटाच्या निमित्तानं एकत्र आलो. गटाचे हप्ते वेगळे, आणि त्याशिवाय प्रत्येकीनं महिन्याला ५०० रुपये बाजूला टाकायचे असं आम्ही ठरवलं होतं. तीन वर्षांत एकेकीचे १८ हजार झाले. आता कुठं जायचं? कोणी म्हणालं अष्टविनायक, कोणी म्हणालं तिरुपती. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आक्का बोलल्या, "देव घरी बी भेटतो गं. समुद्र काय करमाळ्याला यायचा न्हाई." आक्कांचं वय ६८. जन्मात समुद्र पाहिलेला नाही. मग एकीच्या मुलानं मोबाईलवर शोधून सांगितलं की मुंबईहून मोठं प्रवासी जहाज सुटतं. संध्याकाळी निघायचं, दुसरा अख्खा दिवस समुद्रावर आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत मुंबई. राहणं-खाणं सगळं त्यात. ठरलं.

आणि मग २०२४ चा मे महिना आला.

२१ मे तुम्हाला आठवत असेल. करमाळा तालुक्यातलं कुगाव आणि पलीकडे इंदापूर तालुक्यातलं कळाशी, मध्ये उजनीचं पाणी. संध्याकाळी वादळी वारं सुटलं आणि कुगावहून निघालेली बोट पाण्यात उलटली. बोटीत सातजण होते. एकजण पोहत काठाला लागला. सहाजण गेले. त्यात आई-बाप आणि त्यांची दोन लहान लेकरं. ते दोन दिवस तालुक्यात कोणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आम्ही कुणाचं नाव घेत नाही. ज्यांचं गेलं त्यांचं दुःख त्यांच्यापाशी. पण ती बोट आमच्या सगळ्यांच्या ओळखीची होती. ती म्हणजे तीच एक बोट नव्हे, तशी बोट. कारण त्या पाण्यावरून आम्ही सगळ्याच कधी ना कधी गेलोय. माहेरी जाताना, लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना.

धरण झालं १९८० साली. भीमेचं पाणी पसरलं, जुनी गावं, जुने रस्ते पाण्याखाली गेले. जिथं चालत सोयरिकी व्हायच्या तिथं मध्ये पाणी आलं. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर निम्मा दिवस जातो, बोटीनं थोडक्यात पोचतो. म्हणून बोट. ती हौस नव्हे, ती आपली एसटी आहे.

तर त्या मे महिन्यानंतर घराघरांतून आम्हाला ऐकून घ्यावं लागलं. "एवढं झालं तरी पाण्यात मराया चाललीस व्हय?" सासू म्हणाली, नवरा म्हणाला, आणि खरं सांगायचं तर आमचं आमचं मनही तेच म्हणत होतं. चौघींनी पैसे परत मागितले. तेव्हा आक्का एवढंच म्हणाल्या, "पाण्याला भिऊन आपलं भागणार हाय का? आपल्याला रोज त्याच्याच काठी राह्याचंय. एवढी माणसं घेऊन ती जहाजं जात्यात, ती कशी जात्यात ते तरी बघून येऊ." हे त्या सहज बोलल्या. पण पुढं सगळी सफर आम्ही ह्याच एका प्रश्नाच्या मागं मागं केली.

दिवाळी झाल्यावर, थंडीत निघालो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, थंडीत तो शांत असतो, हे आधीच विचारून घेतलं होतं. एसटीनं पुणे, पुण्याहून रेल्वेनं मुंबई. बाहेरचं खाणं जहाजावर नेऊ देत नाहीत असं कळलं होतं, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी सीएसएमटी स्टेशनवरच बसून संपवली. तिथून टॅक्सीनं बॅलार्ड पियर, दहा मिनिटं. जहाजाचं नाव एम्प्रेस. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, दोनशे मीटरच्या वर लांब, अकरा मजली. धक्क्यावरून वर बघताना आक्कांच्या डोक्यावरचा पदर मागं पडला, पण शेवटचा मजला काही दिसला नाही.

आत गेल्यावर हातात एक कार्ड दिलं. तीच खोलीची किल्ली, तीच ओळख. खोल्या छोट्या, आम्ही तिघी-तिघी राहिलो. खिडकी नव्हती, कारण खिडकीच्या खोलीला पैसे जास्त. दिवसभर बाहेरच बसायचंय, खिडकी काय करायची?

पण मैत्रिणींनो, चहापाणी, पोहायचा तलाव, नाचगाणी ह्या सगळ्याच्या आधी त्या जहाजानं आम्हाला काय करायला लावलं, ते ऐका. जहाज अजून धक्क्यालाच होतं. भोंगा वाजला. सात वेळा तुटक तुटक आणि आठव्यांदा लांबलचक. हा धोक्याचा इशारा, जगातल्या सगळ्या जहाजांवर हाच. ऐकला की कुठं जमायचं, ती जागा आपल्या कार्डावर छापलेली असते. सगळे प्रवासी तिथं गेले. शेठ-सावकार असो नाहीतर आमच्यासारख्या नऊवारीतल्या, सुटका कोणालाच नाही. प्रत्येकाची हजेरी झाली. तिथल्या मुलीनं जॅकेट घालून दाखवलं. पट्टा कसा ओढायचा, शिट्टी कुठं असते, अंधारात लागणारा छोटा दिवा कुठं असतो, मान वर राहावी म्हणून कॉलर कशी असते. लहान मुलांचं जॅकेट वेगळं. मोठ्याचं जॅकेट लेकराला घातलं तर पाण्यात लेकरू त्यातून खाली निसटतं. हे ऐकल्यावर आमच्यातली एकजण एकदम खाली बसली. तिच्या मनात काय आलं ते आम्हाला कळलं. तुम्हालाही कळलं असेल.

ती शिकवणारी मुलगी रत्नागिरीकडची निघाली. मराठी ऐकून आम्हाला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिनंच नंतर सांगितलं, "काकू, ही तालीम पूर्वी जहाज सुटल्यावर एका दिवसाच्या आत केली तरी चालायची. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं जहाज खडकावर आपटलं. ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी लोकांची तालीम व्हायचीच होती. तेव्हापासून नियम बदलला. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटता क्षणी तालीम करावीच लागते."

आम्हाला वाटलं होतं, हे सगळे नियम कोणा हुशार माणसानं खुर्चीत बसून केले असतील. तसं नाही. १९१२ साली टायटॅनिक बुडालं, दीड हजाराच्या वर माणसं गेली. जहाजावर माणसं होती सुमारे बावीसशे आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती त्यातल्या निम्म्यांना. त्यानंतर १९१४ मध्ये अनेक देशांनी बसून नियम केले की होड्या सगळ्यांना पुरतील एवढ्या पाहिजेत. एकेक नियम माणसं गेल्यावर झालाय.

अंधार पडता पडता जहाज सुटलं. उजव्या हाताला कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह उघडझाप करत होतं, डाव्या हाताला अलिबागकडचा किनारा. शेजारी उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ, कोकणातले, त्या बाजूला बघून हात जोडत होते. आम्ही विचारलं, तिकडं देऊळ आहे का? ते म्हणाले, "देऊळ नाही ताई. इथंच रामदास बुडाली." मग त्यांनी सांगितलं. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना राहिला होता. आषाढी अमावास्या, सणाला गावी निघालेली माणसं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला रामदास बोट सकाळी सुटली, भर पावसाळ्यात, गच्च भरलेली. काशाच्या खडकाजवळ लाटांनी कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्या तशाच वळवल्या आणि हाताला लागतील तेवढी माणसं वर ओढली. त्यांच्यामुळं जी वाचली ती वाचली.

सहाशे माणसं, घरापासून हाकेच्या अंतरावर. कुगावचंही तसंच. पलीकडचा काठ दिसत होता. त्या रात्री आम्हाला लवकर झोप लागली नाही.

सकाळी उठून वर गेलो आणि चारी बाजूंना पाणी. जमीन कुठंच नाही. मोबाईलची रेंज केव्हाच गेली होती. त्या मुलीनं आधीच सांगून ठेवलं होतं, मोबाईल विमानात ठेवतात तसा ठेवा, नाहीतर जहाजाच्या उपग्रहाच्या रेंजला जोडला जाऊन बिल येतं. एका अर्थी बरंच झालं. "गॅस संपलाय", "दूधवाला आला नाही" असं कोणी विचारणारच नव्हतं. सूर्य पाण्यातून वर आला. आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "ह्येला काठच न्हाई की गं."

दोघींना मळमळायला लागलं. त्यांच्यासाठी युक्ती सापडली ती सांगून ठेवतो. खोलीत पडून राहायचं नाही. जहाजाच्या मधल्या भागात, जमेल तितकं खालच्या मजल्यावर यायचं, तिथं हेलकावा कमी. आणि मोबाईलकडं नाही, तर लांब जिथं आभाळ पाण्याला टेकतं तिथं नजर ठेवायची. वर आल्याचा तुकडा चघळायचा. तासाभरात दोघी नाष्ट्याला हजर.

दुपारी कॅप्टननं ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांना सांगितलं, आपण कुठं आहोत, वारा किती आहे, खाली पाणी किती खोल आहे. जहाजाचा वेग मोजतात नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. आमचं जहाज बारा नॉटनं चाललं होतं, म्हणजे तासाला बावीस किलोमीटर. आपली करमाळा-जेऊर जीपसुद्धा त्याच्या पुढं जाईल! पाण्याची खोली सत्तर मीटर. आमच्या उजनीच्या धरणाची उंची छप्पन्न मीटर. म्हणजे आपलं धरण उचलून तिथं ठेवलं तर दिसणारही नाही.

आम्ही दुष्काळी भागातल्या बाया. टँकरची वाट बघत आम्ही अर्धं आयुष्य घालवलंय. त्यामुळं पहिल्यांदा काय विचारणार? पिण्याचं पाणी कुठून येतं. तर बरंचसं गोडं पाणी जहाज स्वतःच तयार करतं. समुद्राचं पाणी इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून थंड करायचं, नाहीतर दाब देऊन बारीक पडद्यातून गाळायचं, की मीठ मागं राहतं. ते करायला इंधन लागतं. म्हणून नळ उघडा ठेवू नका अशी पाटी. अख्ख्या समुद्रात उभं राहून पाणी जपून वापरा म्हणतात. आमच्यासाठी ते काही नवीन नव्हतं, आम्ही नाहीतरी तांब्यानंच आंघोळ केली.

संध्याकाळी आक्कांनी त्या मुलीला आपला मूळचा प्रश्न विचारला. "बाळ, एवढी माणसं चढवता, जास्त झाली हे तुम्हाला कळतं कसं?" ती म्हणाली, "जेवढ्यांना परवानगी, तेवढीच तिकिटं. आणि जहाजाच्या अंगावर रेघ असते. उद्या धक्क्याला लागल्यावर बाजूच्या मालवाहू जहाजाकडं बघा." दुसऱ्या दिवशी पाहिलं. जहाजाच्या पोटावर एक गोल आणि त्यातून आडवी रेघ. एकोणिसाव्या शतकात प्लिम्सॉल नावाच्या एका इंग्रज माणसानं संसदेत भांडून ती रेघ कायद्यात आणली. तेव्हा मालक लोक जादा माल भरायचे, जहाजं बुडायची, खलाशी मरायचे. रेघ पाण्याखाली गेली की भार जास्त झाला, मग जहाज सुटायचं नाही. रंगाची एक रेघ, मैत्रिणींनो. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळणारी. तिला खर्च किती? एक डबा रंग.

त्याच मुलीनं आम्हाला राधिका मेनन ह्यांच्याबद्दल सांगितलं. केरळच्या. भारताच्या व्यापारी नौदलातल्या पहिल्या महिला कॅप्टन. २०१५ च्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात मासेमारीची एक छोटी बोट इंजिन बंद पडून भरकटली होती. वर सात कोळी. अन्नपाणी संपलेलं, वादळ चालू. राधिका मेनन तेलाचं भलंमोठं जहाज घेऊन चालल्या होत्या. त्यांनी जहाज वळवलं. दोर आणि शिडी टाकून दोन वेळा प्रयत्न फसला, तिसऱ्या खेपेला सातही जणांना वर घेतलं. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं त्यांना शौर्याचा पुरस्कार दिला. तो मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या बाई. हे ऐकून आमच्यातली एकजण म्हणाली, "आपल्या गावात बाईला बोटीत पुढं बसू देत न्हाईत, आन् हिनं जहाज वळवलं."

तिसऱ्या दिवशी उतरलो. घरी आलो तर सगळे विचारत होते, नाच बघितला का, काय काय खाल्लं, फोटो दाखवा. दाखवले. पण आमच्या मनात दुसरंच चाललं होतं. शांत समुद्र, अकरा मजली जहाज, हाताशी शेकडो शिकलेले खलाशी, तरी ते म्हणतात आधी जॅकेट घालायला शिका, मग आम्ही निघू. आणि आमची सहा हात रुंद बोट, वर दहा-बारा माणसं, दोन मोटारसायकली, दुधाचे कॅन, वैशाखातलं वारं, आणि अंगावर काय? तर देवाचं नाव. आम्ही आजवर बोटवाल्याला एकदा तरी विचारलं का, की भाऊ, जॅकेट आहे का? नाही विचारलं. भाव केला, दहा रुपये कमी कर म्हणालो. चूक एकट्या बोटवाल्याची नाही, आमचीही आहे.

सहलीच्या पैशातले थोडे उरले होते, त्यात प्रत्येकीनं थोडी भर घातली. मोठ्यांची आठ आणि लहान मुलांची चार अशी बारा जॅकेटं आणली. ज्या बोटीनं आमचं जाणं-येणं असतं त्या बोटवाल्याला नेऊन दिली. पहिले पंधरा दिवस ती खुंटीला लटकत होती. गडीमाणसं हसायची. "काय काकू, मुंबईची हवा लागली का?" मग एक दिवस आक्का गेल्या. नऊवारीवर ते भगवं जॅकेट चढवलं, पट्टे ओढले, डोक्यावर पदर घेतला आणि बोटीत मधोमध जाऊन बसल्या. म्हणाल्या, "समदे घालेपर्यंत मी उठायची न्हाई आन् बोट बी सुटायची न्हाई." अर्धा तास बोट थांबली. शेवटी सगळ्यांनी घातली. ज्याला मिळालं नाही तो मागच्या खेपेला थांबला. आता बोटवाला स्वतःच म्हणतो, आधी जॅकेट, मग मोटार. त्यानं बोटीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या रंगाची रेघही मारलीय. रेघेला पाणी लागलं की पुढचा माणूस काठावरच.

म्हणून जाता जाता चार गोष्टी. उजनीच्या काठच्या असा नाहीतर कुठल्याही तळ्या-नदीच्या, ध्यानात ठेवा.

बोटीत बसण्याआधी जॅकेट मागा. लेकराला लेकराच्या मापाचंच घाला आणि पायांमधला पट्टा लावा. बोटीत उभ्या राहू नका, सगळ्याजणी एका बाजूला सरकू नका. फोटोसाठी तर अजिबात नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग उतरायला लागले, वारं फिरलं, तर काठावरच थांबा. वळीव तासाभरात निघून जातो, लग्नाला उशीर झाला तर चालतो. आणि चौथं, ग्रामसभेत हा विषय काढा. २०२१ साली अंतर्देशीय जलयान कायदा झालाय. मोटारीच्या बोटीची नोंदणी आणि तपासणी झाली पाहिजे, जीव वाचवायचं सामान बोटीत असलं पाहिजे, असं तो सांगतो. आपल्या गावच्या बोटीचं काय, एवढं विचारायला कोणाची भीती? शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झालाय. तो होईल तेव्हा होईल. तोवर माणसं बोटीनंच जाणार.

आम्हाला कोणी विचारतं, एवढे १८ हजार रुपये घालून काय आणलंत गं समुद्रावरून? आम्ही म्हणतो, बारा जॅकेटं आणि एक रेघ.

परवा आक्का त्याच बोटीनं पलीकडे नातवाच्या बारशाला गेल्या. परत येताना संध्याकाळ झाली, वारं सुटलं. बोटवाला म्हणाला, आक्का, आज नको, उद्या सकाळी सोडतो. आक्का त्या रात्री तिकडंच मुक्कामाला राहिल्या. सुनेला फोन करून सांगितलं, "जेवायला थांबू नगा. वारं हाय. मी सकाळी येते."

तुम्हीही असंच घरी सांगत जा, बायांनो. येतो आम्ही. नमस्कार.